चिऱ्यांवरची मॉरिस

फोंडा महालातल्या आमच्या आजोळच्या घराला लागून एक कौलारू पडवी आहे. पूर्वी तिथे गोठा होता. १९५९ साली आजोबांनी गाडी घेतली, तेव्हा गुरे मागच्या अंगाला गेली आणि पडवीत गाडी आली. हीच गाडी १९८९ पासून चार चिऱ्यांवर उभी होती. मॉरिस मायनर १०००. मूळ रंग राखाडी, पण आम्हा भाचरांना ती धुळीच्या रंगाचीच ठाऊक. लपंडाव खेळताना तिच्यात लपायला आम्हाला सक्त मनाई होती आणि अर्थातच आम्ही तिथेच लपत होतो.

२०२३ च्या चवथीला सगळे घरी जमले असता गाडीचा विषय निघाला. घराची वाटणी ठरलेली, पडवी पाडायची आहे, मग हिचे काय करायचे? भंगारवाल्याने वजनावर भाव सांगून ठेवला होता. जुन्या गाड्या जमवणारा एक गृहस्थ येऊन पाहून गेला होता. तो म्हणाला, चालू असेल तर बरे पैसे देतो, बंद असेल तर विचार करावा लागेल. त्यावर भाऊमामा बोलले. वय वर्षे त्र्याऐंशी. म्हणाले, "कोणालाही द्या. पण आधी एकदा चालू करा. आमच्या दारातून ती ढकलत न्यायची नाही."

मामांचा शब्द मोडायची सवय आमच्या घरात कोणाला नाही. त्या दिवसापासून सुमारे दोन महिने मी दर रविवारी आजोळी जात होतो. इंजिनातले मला ओ की ठो कळत नव्हते. पण मंडळी, त्या दोन महिन्यांत आपल्या गोव्याच्या इतिहासातले जे थोडेफार मला कळले, ते पुस्तकांतून तसे कळले नसते. म्हणून हा लेखप्रपंच.

गाडी घरात आली कशी, ते आधी सांगतो. आजोबा डॉक्टर. पणजीच्या एस्कोल मेडिकात शिकलेले. पाच-सहा गावांत रुग्ण, म्हणून गाडीची गरज. तरी १९५९ साली फोंड्यासारख्या ठिकाणच्या डॉक्टराला नवी कोरी विलायती गाडी मिळावी, हे त्याच वेळी बेळगावच्या किंवा सावंतवाडीच्या डॉक्टराला स्वप्नवत वाटले असते. सीमेपलीकडे काय स्थिती होती पाहा. १९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि परदेशी सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना भारतात जागा उरली नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. उरल्या अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड. त्यांच्यासाठीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची.

इकडे गोव्यात उलटे चित्र. १९५४ पासून भारत सरकारने सीमेवर निर्बंध घालायला सुरुवात केली होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर नाकेबंदी पुरती आवळली गेली. रेल्वेची ये-जा बंद झाली. घाटावरून येणारा माल बंद झाला. तेव्हा पोर्तुगीज सरकारने सगळे काही मुरगाव बंदरातून आणायला सुरुवात केली. बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचे. दाबोळीचा विमानतळ याच काळातला आणि 'तायप' ही विमान कंपनीही १९५५ चीच. पैशाचा प्रश्न खाणींनी सोडवला होता. जपान आणि पश्चिम जर्मनीला आपले लोहखनिज जात होते आणि त्याच्या बदल्यात परकीय चलन येत होते. १९५९ च्या सुरुवातीला तर रुपियाही गेला आणि एश्कूद आला, एका रुपियाला सहा एश्कूद. त्या एश्कूदांत मर्सिडीज, ओपेल, फोक्सवागन, मॉरिस अशा गाड्या गोव्याच्या अरुंद रस्त्यांवर धावू लागल्या.

एक गंमत यात आहे. खुद्द पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. पण गोव्याला ब्रिटिश हिंदुस्थानचा शेजार, म्हणून इथे वाहतूक डावीकडूनच राहिली. त्यामुळे इंग्लंडसाठी बांधलेली उजव्या हाताच्या स्टिअरिंगची मॉरिस इथे अगदी चपखल बसली. लिस्बनच्या सत्तेखाली राहायचे, इंग्रजांची गाडी चालवायची आणि मुंबईच्या बाजूने चालवायची, असा आपला कारभार.

मॉरिस मायनर ही ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याची निर्मिती. पुढे जगभर गाजलेली मिनीही त्यानेच आखली. मायनर १९४८ साली बाजारात आली, १९५६ साली तिला ९४८ सीसीचे इंजिन मिळाले आणि दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी ठरली. वळताना दाराच्या खांबातून एक छोटा हात बाहेर पडून दिशा दाखवतो, तसले दिवे आमच्या गाडीला आहेत. आईच्या आठवणीत गाडीपेक्षा तो हातच जास्त आहे. गावातली मुले म्हणे तो पाहण्यासाठी वळणावर उभी राहत.

आता इंजिनाकडे येतो. मामांनी ज्यांना बोलावले ते गृहस्थ मामांपेक्षा सहा वर्षांनी लहान. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणतो. १९६० साली, चौदाव्या वर्षी, ते पणजीच्या एका गॅरेजात हाताखालचा पोर म्हणून लागले. आता दृष्टी अधू झालेली, पण हात पक्के. पहिल्या रविवारी मी मोठ्या हौसेने नवी बॅटरी घेऊन गेलो होतो. मिस्त्रींनी ती बाजूला ठेवायला लावली आणि म्हणाले, "आयज चालू करूंक ना. आयज फकत पळोवपाचें."

माझी समजूत अशी की बॅटरी लावायची, पेट्रोल घालायचे, किल्ली फिरवायची, फार तर धक्का द्यायचा. मिस्त्री म्हणाले, असे करूनच लोकांनी चांगली चांगली इंजिने मारली. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचे तेल खाली निथळून जाते. भिंत कोरडी पडते. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस, ती दमट हवा आत शिरते आणि पिस्टनच्या रिंगा भिंतीला गंजाने चिकटतात. त्यावर एकदम स्टार्टर मारला की रिंग तुटते, नाहीतर भिंतीवर ओरखडा उठतो. व्हॉल्व उघडा राहून अडकला असेल तर त्याला ढकलणारी सळी वाकते. म्हणून पहिल्या दिवशी फक्त बघायचे.

तेलाची पट्टी काढली तर तेल खुणेच्या वर. मला वाटले, चला, तेल तरी भरपूर आहे. मिस्त्री हसले. तेल वाढत नसते, वाढते ते पाणी. खालचा बोल्ट सैल केला तेव्हा आधी वाटीभर गढूळ पाणी आले आणि मग काकवीसारखे काळे तेल. एअर फिल्टरमध्ये उंदराने कापूस आणि कागदाचे घरटे केलेले. सायलेन्सरच्या नळीत कुंभारमाशीने मातीची घरे बांधलेली. टाकीतल्या पेट्रोलचे चिकट, रोगणाच्या वासाचे काहीतरी झाले होते. टाकी उतरवली आणि तिची आशा तूर्त सोडून दिली.

मग चारही प्लग काढून प्रत्येक भोकातून इंजिन ऑईल आणि डिझेल यांचे मिश्रण ओतले. मिस्त्री म्हणाले, आता आठ दिवस हात लावू नका. पुढच्या रविवारी आणखी थोडे ओतले आणि पुन्हा आठ दिवस. हा वाट पाहण्याचा काळ मला फार जड गेला. पण गोष्ट बाहेर आली ती याच काळात.

आमचे भाऊमामा पोर्तुगीज आमदानीबद्दल नेहमी एका सुरात बोलतात. त्या वेळी दुकानात काय मिळत नव्हते, माल कसा अस्सल, चोरी नाही, भेसळ नाही. पुरावा म्हणून बोट पडवीकडे. "ती गाडी बघ. भारतात कोणाकडे होती?" गोव्यातल्या पुष्कळ घरांत असे एक भाऊमामा असतात, हे वाचकांना सांगायला नको. कॉलेजात असताना मी त्यांच्याशी वाद घालत असे. सेन्सॉरशिवाय वर्तमानपत्र छापता येत नव्हते, चार माणसे जमवून सभा घेता येत नव्हती, १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांना बोलूही दिले नाही, हे सगळे मी पाठ म्हटल्यासारखे म्हणत असे. मामा ऐकून घेत आणि पुन्हा गाडीकडे बोट दाखवत.

दुसऱ्या रविवारी मिस्त्री रॉकरवरचे झाकण काढून बसले होते. मामा खुर्ची घेऊन शेजारी. मिस्त्रींनी सहज विचारले, "भाऊबाब, तुमचो काका ह्या गाडयेंत केन्ना बसलो?" मामा एकदम गप्प झाले. मला काहीच कळेना. मग मामांनी जे सांगितले ते आमच्या घरात मी कधीच ऐकले नव्हते.

आजोबांचे धाकटे भाऊ १९५५ साली सत्याग्रहात पकडले गेले आणि चार वर्षे आग्वादच्या तुरुंगात होते, एवढे मला ठाऊक होते. १९५९ साली ते सुटले तेव्हा आजोबा नवी मॉरिस घेऊन त्यांना आणायला पणजीला गेले. बरोबर एकोणीस वर्षांचे भाऊमामा. बेतीहून नदी ओलांडून धाकटे आजोबा धक्क्यावर उतरले. भावाला मिठी मारली. गाडी पाहिली आणि विचारले, ही कुठून आली? आजोबा म्हणाले, बोटीने, इंग्लंडहून. धाकटे आजोबा म्हणाले, "आमचे लोक ज्या वर्षी सीमेवर पडले त्या वर्षापासून त्या बोटी येतात. मी यात बसणार नाही." आणि ते सरळ चालत जाऊन फोंड्याच्या कारेरीत बसले. आजोबा काही बोलले नाहीत. पुढे कारेर आणि मागे रिकाम्या सीटची मॉरिस, अशी ती वरात फोंड्याला पोचली. थांब्याथांब्यावर कारेर थांबे, तशी मॉरिसही थांबे. मामा म्हणाले, "मला त्या दिवशी इतकी लाज वाटली की कोणाची वाटली ते अजून कळत नाही. काकाची की बाबांची की माझी."

मिस्त्रींना ही गोष्ट ठाऊक होती. ती त्यांनी आजोबांकडूनच ऐकली होती, गाडीखाली पडून काम करताना. डॉक्टर म्हणे हसत सांगत, पण दर वेळी सांगत.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेनेची मराठा पॅरा तुकडी फोंड्याच्या वाटेने आली. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. त्यानंतर काही दिवसांनी धाकटे आजोबा आपण होऊन गाडीचे दार उघडून पुढे बसले आणि म्हणाले, "चल, आता बाजारात जाऊया." आजोबांनी त्यांना बाजाराला तीन फेऱ्या मारल्या.

मुक्तीनंतर गाडीला 'जीडी'ने सुरू होणारा नवा क्रमांक मिळाला आणि नवे हालही सुरू झाले. बोटी थांबल्या. भारताचे आयातीचे नियम आता गोव्यालाही लागू झाले. सीमेपलीकडे जी गाडी मिळत नव्हती तिचे सुटे भाग कुठून मिळणार? अनेकांनी मर्सिडीज आणि ओपेल विकल्या, काही तशाच झाडाखाली सडल्या. मॉरिसचे नशीब थोडे बरे. एक तर हिंदुस्थान मोटर्सने हीच मायनर पूर्वी 'बेबी हिंदुस्थान' म्हणून विकली होती. दुसरे म्हणजे अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डचीच मुलगी, त्यामुळे बारीकसारीक काही जुळवून घेता येई. बाकीचे हाताने.

हे मी ऐकून सांगत नाही, इंजिनातच पाहिले. मिस्त्री एकेक भाग सुटा करून गोणपाटावर मांडत होते आणि त्याचे गोत्र सांगत होते. कार्बोरेटर आणि पेट्रोलचा पंप मूळचे, इंग्लंडचे. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट अँबॅसडरचे. प्लग बंगळूरच्या मायकोचे. रेडिएटरचा पाइप दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, कापून बसवलेला. पिस्टनच्या रिंगा मुंबईला ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून आणलेल्या, पाण्याच्या पंपाचा दांडा बेळगावात लेथवर करून घेतलेला. रॉकरच्या झाकणाखालचे बुचाचे गॅसकेट मिस्त्रींनी उजेडात धरले, कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "हें हांवें कापलां." १९७४ साली, बुचाचा पत्रा आणि कात्री घेऊन. जवळजवळ पन्नास वर्षे ते तेल धरून होते.

तिसऱ्या रविवारी पुढच्या बंपरमधून लोखंडी हँडल घातले. प्लग काढलेलेच होते. मिस्त्री म्हणाले, जोर लावू नका, नुसते अंग टाका. मी हँडलवर रेललो. काही नाही. उलट्या बाजूला किंचित, पुन्हा सुलट. दहाबारा वेळा असे केल्यावर आतून काहीतरी सुटल्याचा बारीक आवाज आला आणि हँडल पाव फेरा फिरले. मामा खुर्चीतून उठून उभे राहिले. तासाभराने पूर्ण फेरा झाला. तिसऱ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व मात्र वर येईना. त्याच्यावर डिझेल सोडून लाकडी दांड्याने हलकेच टकटक करत पुढचा रविवारही गेला.

मग जुने गाळ-तेल धुऊन नवे घातले, रेडिएटर साफ केला, पॉइंट घासले. बॅटरी लावायची वेळ आली तेव्हा मी उत्साहाने काळी वायर गाडीच्या अंगाला जोडायला निघालो. मिस्त्री ओरडले. या गाडीत बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले असते, आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. माझ्या हातून ती चूक झाली असती तर डायनॅमो कामातून गेला असता.

पेट्रोलचेही तसेच. जुन्या पेट्रोलात शिसे असे, ते व्हॉल्वच्या बैठकीला वंगणासारखे जपत असे. २००० सालापासून देशात शिसेविरहित पेट्रोलच मिळते. शिवाय आता त्यात इथेनॉल मिसळलेले असते आणि ते जुने रबर खाते. म्हणून मिस्त्रींनी नळ्या नव्या टाकल्या, टाकीऐवजी एक छोटा डबा टांगला आणि बजावले की ही गाडी आता पळवायची नाही, फार तर फिरवायची.

नोव्हेंबरच्या एका रविवारी सकाळी सगळे पडवीत जमलो. आधी प्लग न लावताच स्टार्टर फिरवला, तेलाचा दिवा विझेपर्यंत. म्हणजे तेल वरपर्यंत पोचले. मग प्लग लावले. या गाडीत किल्लीने नुसती वीज सुरू होते, स्टार्टरची मूठ वेगळी ओढायची असते. मामांनी किल्ली फिरवली. अपेक्षित टिकटिक आली नाही. मिस्त्रींनी पेट्रोल पंपावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एक टिचकी मारली आणि पंप बोलू लागला. टिक, टिक, टिक, मग हळूहळू मंद होत थांबला. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "हाच तो आवाज. बाबा रात्री रुग्णाकडे निघाले की आम्हाला हा आधी ऐकू यायचा."

मामांनी चोक ओढला, मूठ ओढली. पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा एक खोकला आणि सायलेन्सरमधून उरलीसुरली माती उडाली. तिसऱ्यांदा ती पेटली. आधी तीनच सिलिंडरवर, लंगडत. मग चौथाही लागला. पडवी निळ्या धुराने भरली, कौलांतून धूर बाहेर पडला आणि शेजारचे आग लागली समजून धावत आले. चारेक मिनिटे ती चालली. डब्यातले पेट्रोल संपले आणि आपोआप थांबली. कोणीच टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होते. मिस्त्रींनी रॉकरच्या झाकणाच्या कडेला बोट लावून पाहिले. कोरडे होते.

ब्रेकचे सिलिंडर पूर्ण जाम आहेत, त्यामुळे गाडी अजून चिऱ्यांवरून उतरलेली नाही. संग्राहक गृहस्थांना मामांनी नम्रपणे नाही म्हणून कळवले. पडवी मामांच्या वाटणीत आली आहे आणि पाडायची नाही असे ठरले आहे. २०२१ साली पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी केंद्राचे नवे नियम आले, त्यानुसार 'व्हीए' मालिकेत नोंदणी करता येते. कागद जमवण्याचे काम अर्थात माझ्याकडे. कारकुनाला इंजिनातले काही येत नसले तरी अर्ज भरता येतो.

आता माझ्यापुरते सांगतो. ती गाडी चांगल्या दिवसांचा पुरावा आहे, असे मामा म्हणत. ती गुलामीचे लक्षण आहे, असे मी म्हणत असे. दोघेही आम्ही फक्त बाहेरचा पत्रा पाहत होतो. आत पाहिले तर दिसते की बोटीने आलेली सुबत्ता बोट थांबली त्या दिवशी संपली. धाकट्या आजोबांना ते दोन वर्षे आधीच कळले होते. पण त्यानंतर परमिटांच्या आणि टंचाईच्या काळात अठ्ठावीस वर्षे ती रुग्णांकडे आणि बाजारात धावली, ती लिस्बनच्या किंवा दिल्लीच्या कृपेने नव्हे. एका चौदा वर्षांच्या पोराने शिकून घेतलेल्या हातकामाने ती धावली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत गव्हर्नर आहेत, सत्याग्रही आहेत, खाणमालक आहेत. कात्रीने गॅसकेट कापणाऱ्यांबद्दल कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. तुमच्या गावात असा कोणी म्हातारा मिस्त्री असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा.

मामा आता दर रविवारी दहा मिनिटे इंजिन चालवतात. पोर्तुगीज आमदानीचे गुणगान पूर्वीसारखेच चालू आहे. फक्त त्यानंतर हल्ली ते कारेरीची गोष्टही सांगतात.